न उठणारं मशीन: सांगलीच्या हळद पेठेतलं एक प्रकरण

मार्च महिना होता, हळदीचा हंगाम ऐन भरात. सकाळी पावणेनऊला सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाच्या दिवाणजींचा फोन आला. "दादा, मशीन उठंना झालंय. निळा पडदा येतोय, बंद करून चालू केलं की परत तोच. दहाला सौदे हाईत. तेवढं आधी येऊन जावा."

मी विश्रामबागेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हंगामात यार्डातलं मशीन बसलं की काय होतं हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. राजापुरी हळदीची पोती रात्रीच येऊन पडलेली असतात. जिल्ह्यातले आणि कर्नाटकातून आलेले शेतकरी ओट्यावर बसलेले असतात. सौदा झाला की त्यांना पट्टी हवी असते: पोती किती, वजन किती, दर काय, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती. ती पट्टी त्या मशीनमधून निघते आणि ती घेतल्याशिवाय माणूस परतीच्या गाडीत बसत नाही.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की "विंडोजच्या फाइल करप्ट झाल्यात" हे वाक्य आमच्या धंद्यात निदान म्हणून खपतं. त्यावरचं औषधही ठरलेलं आहे, फॉरमॅट. या मशीनला ते औषध अडीच महिन्यांपूर्वी देऊन झालेलं होतं.

पहिला तास

मशीन साधंच: चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-३ रॅम, २४० जीबीची साटा एसएसडी, विंडोज १०. त्या वेळी विंडोज १० ला दर महिन्याचे अपडेट येत होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं तिचा आधार थांबवला, पण हे त्याआधीचं.

पोचलो तेव्हा दिवाणजींनी मशीन चारपाच वेळा बंद-चालू करून झालं होतं. ते म्हणाले, काल रात्री या भागात लाईट तीनदा गेली-आली. यूपीएस दोन वर्षांपासून नुसतंच शिट्टी मारतं, धरत नाही. डिसेंबरात अगदी असंच झालं होतं. तेव्हा आलेल्या माणसानं "विंडोज करप्ट" म्हणून दुपारी फॉरमॅट मारून दिलं आणि त्यात आठवड्याच्या पट्ट्या गेल्या. त्या परत भरायला दिवाणजी चार रात्री बसले होते. शेठ गादीवरून एवढंच म्हणाले, "हिशेब तेवढा ऱ्हाऊ दे. बाकी काय करायचं ते करा."

लाईट, मेलेलं यूपीएस, करप्ट फाइल. गोष्ट इतकी सरळ जुळत होती की मी ती तिथल्या तिथं मान्य करून टाकली. ही माझी पहिली चूक. त्या वेळी आणखी एकदोन प्रश्न विचारले असते तर पुढचे काही तास वाचले असते.

मशीन चालू केलं आणि कशाला हात न लावता नुसतं बघत बसलो. मशीन कुठवर येऊन अडतं यावरून बरंच कळतं. एक छोटी बीप झाली, बायोसचा पडदा आला, त्यात एसएसडीचं नाव दिसलं. म्हणजे बोर्ड जागं होतंय आणि डिस्क ओळखली जातेय. मग विंडोजचं चिन्ह आलं, खाली ठिपके फिरायला लागले. म्हणजे बूट मॅनेजर सापडला, त्यानं विंडोजचा लोडर उचलला. ठिपके सातआठ फेरे फिरले आणि अडले, मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, मग "ऑटोमॅटिक रिपेअर", मग निळ्या पडद्यावर दुरुस्ती जमली नाही अशी कबुली. लागोपाठ दोनदा विंडोज उठली नाही की ती स्वतःच या दुरुस्तीच्या खोलीत शिरते.

चिन्हापर्यंत येतंय याचा अर्थ बूटची वाट शाबूत आहे आणि पुढचं काहीतरी फाटलंय. पुष्कळ जण इथं सरसकट बूट दुरुस्तीच्या आज्ञा मारत सुटतात, फिक्स-एमबीआर, फिक्सबूट, सगळं ओळीनं. जे मोडलेलं नाही ते दुरुस्त करायला गेलं की आणखी एक बिघाड पदरात पडतो. मी तिकडं गेलो नाही.

आधी हिशेब

दुरुस्तीची एकही आज्ञा देण्याआधी डेटा बाहेर काढायचा, हा माझा नेम आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट चालू केलं. ते डिस्कवर काही न बसवता रॅममध्येच चालतं. विंडोजचा भाग फक्त वाचण्यापुरता उघडला, म्हणजे चुकूनही त्यावर काही लिहिलं जाणार नाही. डिस्क लॉक केलेली नव्हती हे नशीब. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असतं, आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी नसली तर गाडी इथंच थांबते.

टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, डेटा पब्लिक फोल्डरमध्ये, जिथं तो सहसा असतो तिथंच सापडला. तो, डेस्कटॉपवरच्या एक्सेलच्या फाइली, बिलांचे स्कॅन, मिळून सहा जीबी. सगळं माझ्या बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. कॉपी होताना एकही फाइल अडली नाही. लगेच लिनक्समधूनच एसएसडीची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, तपासली: बदललेले सेक्टर शून्य, वाचताना आलेल्या चुका शून्य, आयुष्य बरंच बाकी. डिस्क मरायला टेकलेली असेल तर चेकडिस्क या डिस्क तपासणीच्या आज्ञेसारखी झटापट तिचा जीव घेऊ शकते, म्हणून हे आधी बघावं लागतं.

टॅलीचा डेटा माझ्या लॅपटॉपवर उघडून दाखवला. लायसन्स नसलेल्या मशीनवर टॅली शैक्षणिक मोडमध्ये उघडतं आणि त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, त्यामुळे त्यावर दिवसाचं काम होणार नव्हतं. पण कालपर्यंतची खाती जागेवर आहेत एवढं दिवाणजींनी डोळ्यांनी बघितलं आणि खुर्चीत मागं टेकले. मग त्यांनी कपाटातनं जुनं छापील पट्टीबुक काढलं, कार्बन घातला, आणि त्या दिवशीच्या पट्ट्या हातानं लिहिल्या. दहाचे सौदे दहालाच झाले. मशीनच्या नादात हे मला सुचलं नव्हतं.

दुरुस्तीचे प्रयत्न

विंडोजच्या दुरुस्तीच्या खोलीतून कमांड प्रॉम्प्ट उघडला. इथं नवख्याला हमखास गोंधळवणारी गोष्ट म्हणजे ड्राइव्हची अक्षरं. रोजचा सी इथं सी असेलच असं नाही. या मशीनवर ५०० एमबीचा सिस्टिम रिझर्व्हड भाग सी होऊन बसला होता आणि खरी विंडोज डीवर गेली होती. डीआयआर ही फोल्डरातली यादी दाखवणारी आज्ञा मारून विंडोज, यूझर्स, प्रोग्राम फाइल्स ही तिन्ही नावं दिसतात का ते बघायचं आणि मगच पुढं जायचं. नाहीतर रिकाम्या भागावर तपासणी होते, "काही दोष नाही" असं उत्तर येतं आणि माणूस फसतो.

ऑटोमॅटिक रिपेअर अपयशी ठरलं तरी मागं एक टिपण ठेवतं. सिस्टिम३२ मधल्या लॉगफाइल्समध्ये एसआरटी नावाचा फोल्डर असतो, त्यात एसआरटीट्रेल नावाची साधी मजकूर फाइल. नोटपॅडमध्ये ती उघडली. शेवटाकडे ओळ होती: बूटला अत्यावश्यक असलेली टीसीपीआयपी डॉट सिस ही ड्रायव्हर फाइल करप्ट आहे, दुरुस्तीचा प्रयत्न केला, जमला नाही. ही नेटवर्कची फाइल, पण विंडोज उठतानाच ती लागते, आणि ६४ बिट विंडोज असल्या फाइलची डिजिटल सही तपासल्याशिवाय तिला आत घेत नाही. सही जुळली नाही म्हणून दार बंद, असं झालं होतं.

मग एसएफसी, म्हणजे सिस्टिम फाइल चेकर. विंडोज ९८ पासून हे हत्यार आहे. बंद विंडोजवर चालवायचं तर स्कॅननाऊसोबत ऑफबूटडिर आणि ऑफविनडिर देऊन विंडोज नेमकी कुठं आहे ते सांगावं लागतं. पाव तासानं उत्तर आलं: खराब फाइली सापडल्या, काही दुरुस्त करता आल्या नाहीत.

का आल्या नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. एसएफसी चांगली प्रत आणते विनएसएक्सएस या फोल्डरातून, तो विंडोजचा कोठार. पण सिस्टिम३२ मधल्या बहुतेक फाइली आणि कोठारातली प्रत या दोन वेगळ्या वस्तू नसतात. डिस्कवर एकच फाइल असते आणि तिला दोन ठिकाणी नाव दिलेलं असतं, हार्डलिंक म्हणतात त्याला. घर एक, दारं दोन. फाइल लिहितानाच बिघडली असेल तर दोन्ही दारांतून तीच बिघडलेली फाइल दिसते. एसएफसी आणणार कुठून?

म्हणून डीआयएसएम, ज्याला आम्ही डिस्म म्हणतो. ते बाहेरच्या चांगल्या विंडोजमधून कोठार भरून काढतं. माझ्या पेनड्राइव्हवर २२एच२ आवृत्तीची मूळ प्रत होती, ती स्रोत म्हणून दिली. त्रुटी आली, ०एक्स८००एफ०८१एफ, म्हणजे स्रोत मिळाला पण हवी ती फाइल त्यात नाही. बरोबरच होतं. बिघडलेली फाइल ताज्या मासिक अपडेटमधली होती, पेनड्राइव्हवर तिची जुनी पिढी. नाव सारखं असून उपयोग नाही, आवृत्तीचा शेवटचा आकडासुद्धा जुळावा लागतो.

दिवाणजींच्या पुतण्यानं तेवढ्यात मोबाइलवर एक व्हिडिओ शोधून दाखवला: रेगबॅक फोल्डरातून रजिस्ट्रीच्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीच्या, जुन्या प्रती उचला आणि कॉन्फिगमध्ये टाका. पोरगं मदतीच्या भावनेनंच सांगत होतं. पण विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून त्या फोल्डरात आपोआप प्रती ठेवणं बंद झालंय. फाइली दिसतात, आकार मात्र शून्य. त्या शून्याच्या फाइली खऱ्या रजिस्ट्रीवर टाकल्या की उरलंसुरलं मशीन जातं. मी त्याला डीआयआर मारून ते शून्य दाखवलं.

साडेबारा वाजले होते. फॉरमॅट हा पर्याय समोर होता आणि तो सोपा होता. डेटा बाहेर काढलेला, विंडोज बसायला अर्धा तास, टॅलीला अर्धा. पण डिसेंबरात जे झालं तेच मार्चमध्ये परत झालं होतं, आणि दोन्हींतल्या मधल्या काळात विंडोज कोरी करकरीत होती. मग फाइल बिघडवणारं कोण? ते मशीनमध्येच बसलेलं असेल तर मी फॉरमॅट मारून त्यालाच परत कामाला लावणार होतो. शेठना म्हटलं, मला मशीन दुकानात नेऊ द्या. त्यांनी मान डोलावली.

तीन बाइट

दुकानात एसएसडी काढून माझ्या मशीनला अडॅप्टरनं जोडली. माझ्याकडंही विंडोज १० च होती, त्याच महिन्याच्या अपडेटची. टीसीपीआयपी डॉट सिस दोन्हीकडं आवृत्तीनं तंतोतंत सारखी, आकारही सारखा. मग एफसी ही जुनी आज्ञा बी जोडून चालवली. ती दोन फाइली बाइट-बाइट ताडून जिथं फरक असेल तेवढंच छापते.

मला वाटलं होतं पडदाभर ओळी वाहत जातील. आल्या तीन.

पहिल्या ओळीत चांगल्या फाइलमध्ये ८बी, बिघडलेल्या फाइलमध्ये ९बी. दुसरीत २४ च्या जागी ३४. तिसरीत ४८ च्या जागी ५८. लाखो बाइटांच्या फाइलमध्ये फक्त तीन बाइट वेगळे, आणि तिन्ही ठिकाणी फरक सोळाच्या पद्धतीतल्या १० चा, म्हणजे आपल्या सोळाचा. कागदावर प्रत्येक बाइटचे आठ बिट, म्हणजे शून्य-एक, मांडून बघितले. तिन्ही ठिकाणी उजवीकडून पाचवा बिट, जो शून्य असायला हवा होता, तो एक झालेला.

मी चहा मागवला आणि त्या तीन ओळींकडं बराच वेळ बघत बसलो. ही लाईटची करणी नव्हती. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल अर्धी राहते, किंवा तिचा शेवटचा तुकडाच्या तुकडा शून्यांनी भरलेला निघतो. नुकसान ठोकळ्यानं होतं. डिस्क खराब असेल तर फाइल वाचतानाच अडते, कॉपी मध्येच थांबते, स्मार्टमध्ये आकडे चढतात. इथं फाइल विनातक्रार कॉपी झाली होती, लांबी पूर्ण होती आणि मधूनच तीन ठिकाणी एकेक बिट पालटलेला होता, तोही तोच बिट. असं नुकसान फाइल रॅममधून जाताना होतं. डिस्कनं जे मिळालं ते इमानानं लिहून ठेवलं. तिच्या हाती देतानाच ते चुकीचं होतं.

"करप्ट" म्हणून गप्प बसायच्या आधी ती फाइल कशी करप्ट आहे हे बघायला मला दहा मिनिटं लागली. आठवड्याच्या पट्ट्या परत भरायला दिवाणजींना चार रात्री लागल्या होत्या.

तेव्हा फोन लावला आणि सकाळी विचारायचे प्रश्न दुपारी विचारले. काल मशीन बंद कसं केलं? "पावणेआठला अपडेट अँड शटडाऊन दाबलं. पडदा काळा झाल्यावर उठलो." लाईट कधी गेली? "साडेआठनंतर, म्हणं. आम्ही घरी हुतो." आणि मेन स्विच? "तो तर रोज पाडूनच जातो की." म्हणजे लाईट तीनदा नाचली तेव्हा मशीनला वीजच नव्हती. डिसेंबरच्या आधी मशीनला हात कुणी लावला होता? थोडं थांबून उत्तर आलं: दिवाळीनंतर मशीन संथ चालतं म्हणून आणखी ४ जीबीची एक वापरलेली रॅम बसवून घेतली होती.

हळदीवरचा आळ

कॅबिनेट उघडलं. आत सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांवर हळदीचा थर, प्रोसेसरच्या हीटसिंकच्या फटी लिंपलेल्या, रॅमच्या खाचांतसुद्धा पिवळी भुकटी. यार्डातली मशीनं अशीच असतात. पोतं ओतलं की ती धूळ सगळीकडं जाते आणि सांगलीच्या पावसाळी ओलीत चिकटून बसते. माझ्या मदतनीसाला वाटलं गुन्हेगार सापडला, रॅमच्या संपर्कात हळद गेली. शक्य होतं. म्हणून आधी ब्लोअर मारला, खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसल्या, दोन्ही रॅम स्टिकच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवलं. फडक्याला हळद लागली ती लागलीच.

मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६. ते विंडोजशिवाय स्वतंत्र चालतं आणि रॅमच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक नमुने लिहून परत वाचतं. विंडोजची स्वतःचीही रॅम तपासणी आहे, पण सूक्ष्म दोष तिच्या हातून निसटलेले मी बघितलेत. दोन्ही स्टिक लावून चालवलं, अठराव्या मिनिटाला लाल ओळी सुरू झाल्या. अपेक्षित अमुक, आढळलं तमुक, आणि चुकलेल्या बिटांच्या रकान्यात दर वेळी शेवटी १०. एफसीच्या ओळींत दिसलेला तोच बिट.

दोन स्टिक जोडीनं चालतात तेव्हा बोर्ड डेटा दोघींत वाटून ठेवतं, त्यामुळे चुकीच्या पत्त्यावरून दोषी स्टिक ओळखता येत नाही. एकेक लावूनच बघावी लागते. जुनी मूळची स्टिक पहिल्या खाचेत लावली: चारही फेऱ्या स्वच्छ. तीच दुसऱ्या खाचेत: स्वच्छ. दिवाळीनंतरची स्टिक पहिल्या खाचेत: चुका. दुसऱ्या खाचेत: चुका. दोष स्टिकबरोबर फिरत होता, खाचेबरोबर नाही. खाचा आणि बोर्ड सुटले, हळदही सुटली. या चार चाचण्यांना त्या दिवसाची रात्र आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ गेली. घाई करून पहिल्या लाल ओळीवरच दोन्ही स्टिक फेकून नव्या आणल्या असत्या तरी मशीन चाललं असतं, पण बोर्ड निर्दोष आहे हे मी शेठना छातीवर हात ठेवून सांगू शकलो नसतो.

इथं माझी दुसरी चूक लक्षात आली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. सकाळी एसएफसी आणि डिस्म मी त्याच मशीनवर, त्याच रॅमवर चालवले होते. दुरुस्तीचं हत्यारच त्या बिघडलेल्या हातांत होतं. आणि हिशेबाची प्रत? तीही लिनक्समधून, त्याच रॅममधून गेलेली. आता एसएसडी माझ्या चांगल्या मशीनला होती. ते सहा जीबी परत उतरवले आणि दोन्ही प्रतींच्या प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ताळ्याचा आकडा, काढून ताडला. एका फाइलचा जुळला नाही. हमालीच्या बिलांच्या स्कॅनची पीडीएफ होती ती. एकच, पण ज्या प्रतीला मी दिवाणजींसमोर "सुरक्षित" म्हणालो होतो ती सुरक्षित नव्हती. तेव्हापासून मशीन न उठण्याच्या प्रकरणात डिस्क काढून आधी माझ्या तपासलेल्या मशीनला लावतो आणि प्रत तिथंच घेतो.

विंडोज उठली

पुढचं काम सोपं होतं. एसएसडी माझ्याच मशीनला ठेवून डिस्मला तिच्यावरची विंडोज दुरुस्तीसाठी दिली आणि स्रोत म्हणून माझ्या मशीनचा विंडोज फोल्डर. आवृत्ती जुळत असल्यानं या वेळी फाइली सापडल्या. ६२.३ टक्क्यांवर डिस्मचा आकडा बराच वेळ थबकतो. अनेक जण इथं मशीन अडकलं समजून बंद करतात. थांबायचं. वीसेक मिनिटांत पूर्ण झालं. मग एसएफसी: खराब फाइली सापडल्या, सगळ्या दुरुस्त. परत एकदा एसएफसी: काही दोष नाही. चेकडिस्कही स्वच्छ. एफसी पुन्हा चालवली, टीसीपीआयपीच्या दोन्ही प्रतींत फरक नाही.

एसएसडी मूळ मशीनमध्ये, फक्त जुनी ४ जीबीची स्टिक लावून. ठिपके फिरले, आणि यार्डातल्या गणपतीच्या फोटोचा डेस्कटॉप समोर आला. फॉरमॅट नाही, टॅलीचं लायसन्स जागेवर, प्रिंटरची सेटिंग जागेवर.

यूपीएसची बॅटरी त्याच दिवशी बदलली. या वेळी ती निर्दोष होती, पण हंगामात मेलेली बॅटरी ठेवणं मला पटेना.

पट्ट्यांची जुळवणी

माझ्या डोक्यातनं एक गोष्ट जात नव्हती. जी रॅम विंडोजच्या फाइलमध्ये बिट पालटते ती हिशेबातही पालटू शकते. पाचवा बिट शून्याचा एक झाला की आकड्यात सोळाची भर पडते. विंडोजच्या फाइलला सही असते म्हणून तिथं चूक पकडली गेली, शेतकऱ्याच्या पोत्यांच्या आकड्याला कुठली सही? टॅली उघडतंय, ताळेबंद लागतोय, तेवढ्यावर विसंबायला माझं मन तयार होईना. शेठना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "मग बघूयाच."

तीन संध्याकाळ आम्ही बसलो. पट्ट्यांच्या गुलाबी प्रती दुकानात असतात, पण त्या याच मशीनमधून छापलेल्या. म्हणून ताळा घ्यायचा तो मापाड्यांच्या हातच्या वह्यांशी. दिवाणजी वही घेऊन वाचायचे, "सतरा पोती, आठ क्विंटल बेचाळीस", मी पडद्यावर बघून "हाय" म्हणायचो, आणि ते लाल पेन्सिलीनं खूण करायचे. दिवाळीनंतरच्या सगळ्या पट्ट्या अशा वाचल्या. दोन ठिकाणी अडलो, आणि दोन्ही ठिकाणी वहीतला सात एकासारखा काढलेला होता. ते मापाड्याला बोलावून विचारलं. मशीनची चूक एकही निघाली नाही.

फेब्रुवारीची उधारीची एक्सेल फाइल मात्र उघडेना. ती आतून दाबलेली, झिप केलेली असते, त्यामुळे एक बिट गेला तरी सगळी रुसते. दिवाणजींनी तीच फाइल महिनाअखेरीला करसल्लागारांना व्हॉट्सॲपवर पाठवली होती. त्यांच्याकडून परत आली ती प्रत चांगली होती.

नवी ४ जीबीची स्टिक आठवड्यानं आली. बसवली, आणि या वेळी मेमटेस्ट दुकानातच रात्रभर लावायचं ठरवलं, जिथं मशीन रोज चालतं तिथल्याच विजेवर, तिथल्याच उकाड्यात. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी दिवाणजींनी पट्टीबुकाचं एक पान फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरांत "आज पाडू नये" असं लिहिलं आणि ते मेन स्विचला चिकटवलं. सकाळी साडेसातला त्यांनीच पडद्याचा फोटो पाठवला. चार फेऱ्या, चुका शून्य.